जुम्मापट्टीला मुलांना घेऊन चढ मोजायला जाताना

माथेरानची सहल आमच्या भागातल्या बहुतेक शाळा काढतात. घोडा, चिक्की, इको पॉइंट, आणि संध्याकाळच्या लोकलने परत. मी बदलापूरच्या एका मराठी शाळेत गणित शिकवते, आणि माझा आग्रह आहे की आठवी-नववीच्या मुलांना माथेरान दाखवण्याआधी एक सकाळ जुम्मापट्टीला न्यावं. नेरळ सोडल्यावर छोट्या गाडीचं हे पहिलं स्टेशन. वाडीवस्तीच्या आसऱ्याने असलेलं, डोंगराच्या पायथ्यापासून थोडंच वर. बहुतेकांना ते खिडकीतून दोन मिनिटं दिसतं तेवढंच. पण चढ म्हणजे काय, वर्तुळाची त्रिज्या कशासाठी शिकायची, गुणोत्तराचा उपयोग काय, हे मुलांना हाताने करून बघायला याच्यासारखी जागा आमच्या आसपास दुसरी नाही.

कारण सोपं आहे. नेरळहून माथेरानच्या डोंगरावर दोन वाटा चढतात, गाडीरस्ता आणि रूळ, आणि जुम्मापट्टीजवळ या दोन्ही एकमेकींना भेटतात. पुढे फुटतात, वर गेल्यावर पुन्हा भेटतात. एकाच डोंगराचं उत्तर दोघींनी वेगवेगळं काढलंय. रस्ता दहा किलोमीटरच्या आत दस्तुरी नाक्याला, म्हणजे वाहनं जिथे थांबतात तिथे, पोचतो. रूळ माथेरान स्टेशनापर्यंत सुमारे २१ किलोमीटर घेतात. जुम्मापट्टीला उभं राहून मूल एका जागेवरून दोन्ही बघू शकतं आणि विचारू शकतं, "बाई, गाडी एवढी लांबून का जाते?" सगळी सहल या प्रश्नासाठी करायची आहे. तो मुलांकडून यायला हवा, आपण आधी सांगून टाकायचा नाही.

कधी जावं

नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या आधीचं स्टेशन) हा भाग पावसाळ्यात बंद असतो, साधारण जूनपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत. वरची अमन लॉज ते माथेरान ही शटल तेव्हाही चालते, पण ती आपल्या कामाची नाही. मला डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ सगळ्यात बरा वाटतो. ऊन सोसतं, गवत वाळून खाली बसलेलं असतं आणि उघड्या झालेल्या डोंगरावर रुळांची वळणं दिसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळं हिरवं आणि सुंदर असतं, पण झाडोऱ्यामागे रूळ लपतात आणि मोजणाऱ्याला काहीच सापडत नाही. फेब्रुवारीत पळस, पांगारा फुलतो, तो वरकड फायदा. एप्रिल-मेमध्ये करवंदं आणि जांभळं मिळतात, पण दुपारी अकरानंतर मुलं उन्हाने कोमेजतात, म्हणून तेव्हा नेऊ नका.

वार शक्यतो मंगळवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी रस्त्यावर टॅक्स्यांची रांग असते आणि रस्त्याकडेला मोजमापाची नळी धरून उभं राहणं धोक्याचं होतं.

परवानगी

हे टाळू नका. रुळांवर विनापरवाना जाणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. छोटी गाडी हळू चालते म्हणून लोक रुळांवर बसून फोटो काढतात, मुलं तेच बघून शिकतात. आपण शाळेच्या लेटरहेडवर नेरळच्या स्टेशन मास्तरांच्या नावे पत्र लिहायचं. इयत्ता, मुलांची संख्या, सोबतचे शिक्षक, तारीख, साधारण वेळ, आणि स्पष्ट वाक्यात हे की कुणीही मूल रुळांवर उतरणार नाही, मोजमाप रस्त्याच्या कडेला आणि स्टेशनाच्या आवारात उभं राहूनच होईल. पत्र आठ-दहा दिवस आधी स्वतः नेऊन द्या. त्याच वेळी त्या आठवड्यातल्या गाड्यांच्या वेळा खिडकीवर विचारून घ्या, कारण त्या बदलतात. पत्राची प्रत त्या दिवशी बॅगेत ठेवा. स्टेशनावरचे कर्मचारी विचारतात, आणि पत्र दाखवलं की आपुलकीने मदतही करतात.

एका वेळी वीसपेक्षा जास्त मुलं नेऊ नका. दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस. छोट्या स्टेशनाला पन्नास मुलांचा घोळका पेलत नाही, आणि मोजणारी चार मुलं सोडून बाकीची नुसती उभी राहतात.

सामान

पाण्याची लेव्हल, म्हणजे गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी, दहा मीटर. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिच्यात भरायला पाणी आणि त्यात रंगासाठी थोडी नीळ. दोन मीटरपट्ट्या. एक मोजपट्टी, कापडी असली तरी चालेल. दोन रंगांच्या फिती, घरूनच मापाने कापून आणलेल्या: तांबडी १६७.६ सेंटिमीटर, हिरवी ६१ सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या आणि छोट्या गाडीच्या दोन रुळांमधलं अंतर. एक ओळंबा, नसेल तर दोऱ्याला नटबोल्ट बांधला तरी चालतं. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला कोनमापक. आलेख-कागद, पेन्सिली. फोन फक्त शिक्षकांकडे.

पिण्याचं पाणी मुबलक न्या. डबा बंद पिशवीत असू द्या, कारण माकडं पिशव्या ओढतात. त्यांना खायला घालायचं नाही हे आदल्या दिवशी वर्गातच ठरवून टाका.

आदल्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर

रुळांवर जाऊन वळण मोजता येणार नाही, म्हणून ते काम शाळेत करून जायचं. मैदानाच्या मध्ये एका मुलाला दोरीचं टोक धरून उभं करा, दोरी बरोबर १५ मीटर, आणि दुसऱ्या टोकाने चुन्याने वर्तुळाचा तुकडा आखा. आता त्या कमानीवर ६ मीटर अंतरावरचे दोन बिंदू घ्या, त्यांच्यामध्ये दोरी ताणा आणि दोरीच्या मध्यापासून कमानीपर्यंतचं अंतर मोजा. ३० सेंटिमीटर येतं. मग सूत्र द्या: जीवेचा, म्हणजे ताणलेल्या दोरीच्या लांबीचा, वर्ग, भागिले मधल्या अंतराची आठपट, म्हणजे त्रिज्या. ३६ भागिले २.४, उत्तर १५. वळणाचा मध्यबिंदू दरीत असो की डोंगराच्या पोटात, तिथे न जाताच त्रिज्या काढता येते. रेल्वेचे रूळ सांभाळणारे लोक वळणं याच पद्धतीने तपासतात, लांब दोरी रुळाच्या कडेला ताणून. हे सांगितल्यावर ज्या मुलांना भूमिती म्हणजे परीक्षेपुरती गोष्ट वाटते त्यांचेही चेहरे बदलतात.

त्याच चुन्याच्या कमानीवर दुसरी गोष्ट करा, आणि हिला वेळ द्या, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. पहिल्या कमानीच्या आत ६१ सेंटिमीटरवर दुसरी कमान आखा. हे झाले छोट्या गाडीचे दोन रूळ. पाव वर्तुळापर्यंत दोन्ही कमानी मोजा. बाहेरची आतल्यापेक्षा सुमारे ९६ सेंटिमीटर लांब भरते. आता त्रिज्या बदला, २० मीटर घ्या. पुन्हा ९६. मुलं म्हणतात मोजण्यात चूक झाली. मग फळ्यावर मांडून दाखवा की फरकात त्रिज्या उरतच नाही, उरतं फक्त दोन रुळांमधलं अंतर आणि π चा अर्धा. आता ६१ च्या जागी ब्रॉडगेजचे, म्हणजे नेहमीच्या मोठ्या गाडीच्या रुळांचे, १६७.६ घाला. फरक २ मीटर ६३ सेंटिमीटर.

रेल्वेची दोन्ही चाकं एकाच एक्सलवर घट्ट बसवलेली असतात. बाहेरचं चाक जास्त फिरलं आणि आतलं कमी, असं त्यांना जमत नाही. चाकं किंचित निमुळती केलेली असतात, त्याने सौम्य वळणावर भागतं. घाटातल्या आवळ वळणावर तेवढं पुरत नाही, चाक थोडं घसरतंच, आणि त्या घासण्याचाच कर्कश आवाज वळणावर येतो. रूळ जितके जवळ, तितकी ही ओढाताण कमी, आणि तितकं लहान वळण घेता येतं. लहान वळण घेता आलं की डोंगर फोडायची गरज कमी, मोठे पूल आणि लांब बोगदे नकोत, खर्च कमी. माथेरानच्या वाटेवर बोगदा एकच आहे, तोही चिमुकला. दोन फुटी रुळांची निवड कशी झाली हे मुलांना इथे स्वतःच्या हिशोबातून समजतं.

नेरळला

कर्जत लोकलने नेरळला सकाळी लवकर उतरा. इथे ब्रॉडगेज आणि नॅरोगेज एकाच स्टेशनावर आहेत. दोन फिती बाहेर काढा. प्लॅटफॉर्मवर, कडेपासून लांब, तांबडी फीत जमिनीवर अंथरा आणि तिच्याशेजारी हिरवी. मग मुलांना दोन्ही बाजूंचे रूळ बघू द्या. तांबडी फीत साडेपाच फुटांची, माझ्यापेक्षा उंच. हिरवी दोन फुटांची, एका मुलाच्या ढांगेएवढी. गुणोत्तर काढायला सांगा: तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. हा आकडा वहीत हवा.

छोटी गाडी फलाटावर असेल तर डब्याची रुंदी नजरेने अंदाजा. रुळांपेक्षा डबा कितीतरी बाहेर आलेला दिसतो. हुशार मूल लगेच विचारेल की मग गाडी कलंडत नाही का. उत्तर त्याच्याकडूनच काढून घ्या: वेग. २१ किलोमीटरला चढताना अडीच तासांपेक्षा जास्त लागतात, म्हणजे ताशी सरासरी आठ किलोमीटर. एवढ्या वेगात वळणावर बाहेर फेकणारा जोर फारच थोडा.

इतिहास इथेच, गाडीकडे बघत, पाच मिनिटांत सांगून टाका. सर आदमजी पीरभाई यांनी पैसा घातला, मुलगा अब्दुल हुसेन यांनी बांधकाम अंगावर घेतलं, १९०४ मध्ये काम सुरू झालं आणि १९०७ मध्ये गाडी धावू लागली. खर्च १६ लाख रुपये. सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्याने आधी बार्शी लाइट रेल्वे उभारली होती. वर्गात सोलापूरकडची मुलं असली की हे नाव जरूर घ्या. त्यांच्या आजी-आजोबांनी बार्शी लाइनच्या छोट्या गाडीने पंढरपूर गाठलेलं असतं. ती गाडीही अरुंद रुळांचीच, पण ७६२ मिलिमीटरची. दार्जिलिंगची मात्र माथेरानसारखीच ६१० ची. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-शिमला जागतिक वारसा यादीत आहेत. माथेरान अजून प्राथमिक यादीत आहे. ते पुढच्या यादीत जावं असं मला मनापासून वाटतं, आणि मुलांना मी ते सांगते.

जुम्मापट्टीला पोचणं

स्टेशनाबाहेर दस्तुरीला जाणाऱ्या टॅक्स्या उभ्या असतात. जुम्मापट्टीपर्यंतचं भाडं आधी ठरवा, आणि परतीचंही, नाहीतर खाली यायला वाहन मिळेपर्यंत मुलांना उन्हात उभं करावं लागेल. कर्जतहून नेरळमार्गे वर जाणारी एस.टी.ची मिनीबसही आहे, पण वीस मुलांना तिच्यात जागा मिळेलच असं नाही. गाडी नेरळहून सुटण्याच्या बऱ्याच आधी तुम्ही जुम्मापट्टीला असायला हवं. आधी स्टेशन, मग गाडी, हा क्रम मोडू नका. गाडी एकदा आली की मुलांचं लक्ष दुसऱ्या कशातही राहत नाही.

पोचल्यावर पहिली दहा मिनिटं काहीच मोजायचं नाही. मुलांना एका जागी बसवून नुसतं बघायला सांगा आणि दहा गोष्टी लिहायला लावा. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत स्टेशनाचं नाव, फलाट जवळजवळ जमिनीलगत, एका रुळाचे दोन होतात ती जागा आणि तिथला काटा, खडी, स्लीपर, दोन रुळांचा सांधा आणि त्यावरची जोडपट्टी, म्हणजे फिशप्लेट. शब्द तेच द्या जे रेल्वेतले लोक वापरतात. रुळांना इथे दुसरी ओळ का फुटते हे विचारा. वर जाणारी आणि खाली येणारी गाडी कुठेतरी एकमेकींना वाट देणार, ती इथे.

पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली दिसली तर उतरवून घ्या. नेरळची उंची सुमारे ४० मीटर, माथेरानची सुमारे ८००. या दोन आकड्यांवरून आणि २१ किलोमीटरवरून सरासरी चढ काढायचा: ७६० मीटर चढायला २१,००० मीटर, म्हणजे साधारण २७-२८ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. या मार्गावरचा सगळ्यात तीव्र चढ २० ला १ आहे. दोन आकड्यांमधला फरक का, हे मुलांना विचारा. काही जागा सपाट ठेवाव्या लागल्या, म्हणून बाकीच्या जास्त उभ्या झाल्या. आणि सपाट ठेवलेल्या जागांपैकी एक त्यांच्या पायाखाली असते: उभी गाडी घरंगळू नये म्हणून स्टेशनाचं आवार त्यामानाने सपाट ठेवतात.

नळीने रस्ता मोजणं

आता सहलीचं मुख्य काम. गाडीरस्त्याच्या कडेला, पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, सरळ आणि वाहनांना लांबून दिसेल असा तुकडा निवडा. वळणावर कधीही नाही. एक शिक्षक वरच्या बाजूला, एक खालच्या बाजूला, दोघांच्या हातात लाल कापड.

नळीत निळं पाणी भरताना एक टोक खाली ठेवून हळूहळू भरा. मध्ये बुडबुडा राहिला तर सगळं मोजमाप खोटं येतं, म्हणून दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का हे आधी तपासा. मग दोन मुलं ८ मीटर अंतरावर, हातात मीटरपट्टी उभी, आणि नळीचं टोक पट्टीला लावलेलं. दहा मीटर नळी ८ मीटरला पुरते, दोन्ही बाजूंना उचलायला सैल राहते. दोन्हीकडे पाणी स्थिर झालं की पट्टीवर जमिनीपासूनची उंची वाचायची. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे ८ मीटरमधला चढ.

फरक ४० सेंटिमीटर आला तर चढ २० ला १, छोट्या गाडीच्या सगळ्यात कठीण जागेइतका. ८० आला तर १० ला १. वेगवेगळ्या तीन-चार ठिकाणी मोजा, दर वेळी मुलं बदला, आणि आकडे लगेच लिहा. घरी फिरून येईपर्यंत कुठला आकडा कुठला हे कुणालाच आठवत नाही.

पडताळ्याला एक हिशोब द्या. दस्तुरी नेरळपेक्षा सुमारे ७०० मीटर वर आणि रस्ता दहा किलोमीटरच्या आत, म्हणजे रस्त्याची सरासरीच १४ ला १ पेक्षा तिखट. तुमचा मोजलेला तुकडा त्याच्या आगेमागे यायला हवा. फार वेगळा आला तर आधी नळीतला बुडबुडा शोधा.

इथे थांबून मुलांना बोलू द्या. टॅक्सी हा चढ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढते, कारण रबरी टायर डांबराला पकडतो. पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी पकड घेतं. म्हणूनच आगगाडीला कमी शक्तीत जास्त वजन ओढता येतं, आणि म्हणूनच तिला उभा चढ चढता येत नाही. एका गुणाचीच ही दुसरी बाजू. चढ कमी करायचा तर वाट लांबवायची, लांब वाट डोंगरावर बसवायची तर वळणं हवीत, वळणं लहान हवीत तर रूळ जवळ आणायचे. मैदानावरची चुन्याची कमान, नेरळच्या दोन फिती आणि ही नळी इथे एकत्र येतात. मी हे कधी स्वतः पूर्ण सांगत नाही. पहिलं पाऊल टाकून देते, साखळी मुलं पूर्ण करतात. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलं इथे बोलतात, हा माझा अनुभव आहे.

गाडी आल्यावर

सगळ्यांना रुळांपासून लांब, एका ओळीत, स्टेशनाच्या आवारात उभं करा. गाडी दिसण्याआधी ऐकू येते. मुलांना तीन गोष्टी वाटून द्या, प्रत्येक गटाला एकच: वळणावरचा आवाज ऐकणं, डब्यांमधली जोडणी बघणं, आणि माणसं काय करतात ते बघणं. इंजिनाचा चालक, गार्ड, झेंडी, स्टेशनावरचा माणूस, कोण कुणाला काय दाखवतो. सगळ्यांना सगळं बघायला सांगितलं की कुणी काहीच बघत नाही.

शिक्षकाने एक फोटो काढायचा. फोन अगदी आडवा, स्क्रीनवरची लेव्हलची रेघ लावून, गाडीला काटकोनात. स्टेशनाच्या पुढे चढ सुरू होतो तिथे गाडी असताना. नंतर त्याची मोठी प्रिंट काढून खिडक्यांच्या ओळीवर पट्टी ठेवायची. २० सेंटिमीटरमध्ये ओळ एक सेंटिमीटर चढली तर चढ २० ला १. रुळाला हात न लावता रुळाचा चढ मोजायची ही रीत मला सगळ्यात आवडते.

आताची इंजिनं डिझेलची. वाफेची इंजिनं जर्मनीच्या ओरेनश्टाइन अँड कॉपेल कंपनीची होती, आणि त्यांच्या टोकाच्या एक्सलना क्लीन-लिंडनर पद्धतीची पोकळ आवरणं होती, ज्यामुळे चाकं वळणावर थोडी सरकत आणि वळत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती चालली. इंजिन पाणी घ्यायचं ते पुढचं स्टेशन, त्याचं नावच वॉटर पाइप. गाडी गेल्यावर शांत झालेल्या मुलांना हे सांगा, आधी नको.

माणसांशी बोलणं

हा भाग पुष्कळ शिक्षक गाळतात आणि मला ते खटकतं. स्टेशनावर कुणी ट्रॅकमन किंवा चाबीवाला, म्हणजे रूळ चालून तपासणारा माणूस, भेटला आणि त्याला वेळ असला तर मुलांनी त्याला नमस्कार करून, काका म्हणून, दोन प्रश्न विचारावेत. प्रश्न आधी लिहून आणलेले असावेत. रोज किती चालता? पावसाळ्यात काय होतं? कामात असेल तर अडवायचं नाही. पावसाळ्याबद्दल विचारलं की दरड, वाहून गेलेली खडी आणि खचलेला भराव यांचं बोलणं निघतंच. २००५ च्या अतिवृष्टीत हा मार्ग उद्ध्वस्त झाला आणि २००७ मध्ये, शंभरीच्या वर्षी, पुन्हा सुरू झाला. २०१६ मध्ये डबे घसरल्यावर गाडी बंद झाली, डब्यांना एअर ब्रेक आले. २०१९ च्या पावसाने पुन्हा रूळ उखडले आणि ऑक्टोबर २०२२ पर्यंत नेरळहून गाडी नव्हती. ही तारखांची यादी वर्गात कोरडी वाटते. ज्याने हातोडा घेऊन ते रूळ चालून तपासलेत त्याच्यासमोर उभं राहून ऐकली की मुलं ती विसरत नाहीत.

आसपासच्या वाडीवरच्या ठाकर, कातकरी बायका बोरं, आवळे, हंगामात करवंदं विकायला बसतात. मुलांना मावशींकडून विकत घेऊ द्या, आणि घासाघीस करायची नाही हे आधीच सांगा. न विचारता कुणाचा फोटो नाही. वाडीत आपण होऊन शिरायचं नाही. ती लोकांची घरं आहेत.

जमलं तर एकदा गाडीत

मोजमापाच्या दिवशी गाडीचा प्रवास घालू नका. तो वेगळ्या दिवशी, नेरळहून माथेरानपर्यंत. तिकिटं सकाळी खिडकीवर मिळतात आणि जागा मोजक्या, म्हणून वीस मुलांना एकाच गाडीत जागा मिळणं कठीण. पाच-सहा मुलांचा गट आणि त्यांचे पालक असं बरं पडतं.

पुठ्ठ्यावरच्या कोनमापकाच्या मध्याला ओळंबा टांगा आणि पुठ्ठ्याची खालची कड बाकावर, गाडीच्या लांबीच्या दिशेने, टेकवा. गाडी समगतीने चढत असताना दोरा काटकोनापासून जितका सरकेल तितका चढ. २० ला १ म्हणजे तीन अंशांच्या किंचित आत, २.८६. कोनमापकावर हे वाचणं अवघड जातं, म्हणून दोरा बरोबर ५० सेंटिमीटरचा घ्या आणि खाली पट्टी लावा: २.५ सेंटिमीटर सरकला की २० ला १. गाडी झटका घेते तेव्हा ओळंबा हलतो, तो स्थिर होईपर्यंत थांबा. दर पाच मिनिटांनी एक नोंद पुरे. वॉटर पाइपच्या पुढे नोंदी चुकतील, कारण दरी दिसायला लागते आणि मुलांनी ती बघायलाच हवी.

परत आल्यावर

दुसऱ्याच दिवशी, उत्साह ओसरायच्या आत, आलेख काढून घ्या. आडव्या अक्षावर अंतर, १ सेंटिमीटरला १ किलोमीटर. उभ्या अक्षावर उंची, १ सेंटिमीटरला १०० मीटर. नेरळ आणि माथेरान हे दोन बिंदू आधी, जुम्मापट्टीची पाटीवरची उंची मिळाली असेल तर तिसरा, मग ओळंब्याच्या नोंदी. त्याच कागदावर रस्त्याची रेषा दुसऱ्या रंगाने. उभं प्रमाण आडव्याच्या दहापट आहे, म्हणून कागदावर डोंगर खऱ्यापेक्षा उभा दिसतो. हे मुलांना पकडू द्या. एका गटाला दोन्ही अक्षांना एकच प्रमाण देऊन बघा. रुळांची रेषा इतकी आडवी येते की ती चढते आहे यावर विश्वास बसत नाही, आणि मग २० ला १ म्हणजे खरोखर किती थोडं, आणि पोलादी चाकाला तेवढंही किती जड, यावर तास रंगतो.

चांगल्या आलेखाची एक प्रत नेरळच्या स्टेशन मास्तरांना आभाराच्या पत्रासोबत पाठवा. पत्र मुलांनी लिहायचं, आपण फक्त शुद्धलेखन बघायचं. पुढच्या वर्षीच्या परवानगीचा अर्ज त्याच पाकिटात घालू नका. तो वेगळा, वेळेवर, स्वतः नेऊन द्या.